काल बघितलं का?

येसक्का बाळांना 'अहो' म्हणत आणि डॉक्टरांना 'अगं'. डॉक्टर पुरुष असला तर 'अरे'.

बाळ सहा तासांचं असो की दोन दिवसांचं, त्याच्या खोलीत शिरण्याआधी त्या दारावर टकटक करीत. दार उघडंच असायचं, तरीही. मग पाळण्याशी वाकून विचारीत, "काय मालक, येऊ का?" मुलगी असली तर, "मालकीण, येऊ का?" आणि उत्तराची वाट बघत. उत्तर म्हणजे काय, तर बाळानं जांभई द्यावी, उचकी द्यावी, पाय झाडावा, काहीही चालायचं. पण तोवर कुणी हात लावायचा नाही. एकदा आमचे मोठे डॉक्टर घड्याळ बघत उभे, आणि बाळ ढिम्म.

"अक्का, चला ना आता."

"अरे, स्वल्प थांब. मालकांनी अजून हो म्हटलं नाही."

आणि मोठे डॉक्टर थांबले की हो! बाळ शिंकलं, तेव्हा कुठे आमचा राउंड पुढं सरकला.

मी त्या प्रसूतिगृहात ज्युनियर डॉक्टर म्हणून लागले, तेव्हा म्हैसूर राज्याचं कर्नाटक होऊन दहाएक वर्षं झाली असतील. मी मूळची कराडची. डॉक्टर झाले, लग्न झालं, नवऱ्याला म्हैसूरजवळ बेळगोळच्या एका कारखान्यात नोकरी, म्हणून म्हैसूरच्या विजयनगर भागात बिऱ्हाड. कानडीतला एकच शब्द मला येत होता, 'गोत्तिल्ला', म्हणजे ठाऊक नाही. तो मी अशा तोऱ्यात म्हणायची की पेशंटना वाटायचं, हिला सगळं ठाऊक आहे, फक्त सांगायचं नाहीये.

पहिल्याच दिवशी बाळांच्या वॉर्डात गेले, तर पांढऱ्या साडीतल्या एक उंच, दणकट बाई बाळांच्या वजनकाट्याला मल्लिगेच्या, म्हणजे मोगऱ्याच्या, फुलांची माळ घालत होत्या. देव सोडून काट्याची पूजा! मी बघतच राहिले. त्या वळल्या, माझं मंगळसूत्र न्याहाळलं आणि म्हणाल्या, "मराठी काय गे तू?"

परक्या गावात तो प्रश्न ऐकून माझा जीव भांड्यात पडला. ह्या सिस्टर येसूबाई मोहिते. पणजोबा साताऱ्याकडून आलेले, म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते. घरात अजून मराठीच बोलायचे, पण ती मराठी इतकी वर्षं कानडीत भिजत पडलेली. निम्मं वाक्य आपलं, निम्मं त्यांचं, आणि कुठलं कुठं संपतं ते बोलणाऱ्यालाच ठाऊक नाही. सगळे त्यांना येसक्का म्हणत, तशी मीही म्हणायला लागले.

आता घोडदळवाल्यांची पणती म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं काय उभं राहतं? तर तसं काही नाही. येसक्का घोड्याला भ्यायच्या. "मला भ्या वाटतं गे," हे त्यांचं पालुपद. टांग्याचं भ्या, कारण पुढं घोडा. ऑटोचं भ्या, कारण पुढं काहीच नाही. "तीन पायांचं जनावर, गे. उभं तरी कसं राहतं ते?" म्हणून रोज दोन मैल चालत यायच्या. पंख्याखाली उभ्या राहायच्या नाहीत. टेलिफोन कानापासून वीतभर लांब धरून ओरडायच्या. दसऱ्याआधी हत्ती सरावाला बाहेर पडले की तीन गल्ल्यांचा वळसा घालायच्या. मी एकदा चिडवलं, "अक्का, तुमच्या पणजोबांनी तलवार चालवली तरी कुणावर? झुरळांवर?"

"ते भ्यायले नाहीत म्हणून तर पस्तिशीत गेले," येसक्का शांतपणे म्हणाल्या. "मी बघ, छप्पन्न पुरी केली."

पण त्यांचं सगळ्यात मोठं भ्या बाळांचं. बाळ जन्मलं की दुसऱ्या दिवशी आम्ही ज्युनियर डॉक्टर ते नखशिखांत तपासायचो. टाळू चाचपायची, डोळ्यांवर बॅटरी मारायची, तोंडात बोट घालून वरची बाजू नीट जुळलीय का बघायचं, छातीला नळी लावायची, पाठीवरून बोट फिरवायचं, शी-शू झाली का विचारायचं. शेवटी पाय. दोन्ही मांड्या धरून हळूच बाहेरच्या बाजूला उघडायच्या. खुब्याचं हाड जागेवर नसलं तर बोटांना 'टक्' असं जाणवतं. कानाला नाही, बोटांनाच. ते तेव्हा सापडलं तर दोन-तीन महिने पट्टा बांधून पोर खडखडीत बरं होतं. निसटलं तर वर्षानं, पोर चालायला लागल्यावर कळतं. मग प्लास्टर, ऑपरेशन, आणि बहुतेकदा जन्माचं लंगडणं.

हे सगळं आम्ही तपासून गेलो की मागाहून येसक्का प्रत्येक बाळ पुन्हा तपासायच्या. आधी दोन्ही हात काखेत दाबून ऊब आणायच्या, परवानगी घ्यायच्या, मग टाळूपासून तळव्यापर्यंत सगळं. "डॉक्टरनी बघितलं ते बघितलं. मला भ्या वाटतं."

मला हा सरळसरळ अपमान वाटायचा. माझं एक आहे, मला भीती वाटली की राग येतो. अजूनही येतो, माझ्या नवऱ्याला विचारा. आणि तेव्हा मला भीती तर अष्टौप्रहर वाटायची. दोन-अडीच किलोचे ते जीव, बोलता येत नाही, दाखवता येत नाही, आणि काही राहून गेलं तर ते माझ्यामुळं! रात्री अंथरुणात मी दिवसभरातली बाळं मोजायची. पण हे कबूल कोण करणार? येसक्का आपलं भ्या गावभर सांगत हिंडायच्या आणि मी माझं नाकावरच्या रागाखाली झाकून ठेवायची.

त्यात त्यांचा तो रोजचा प्रश्न. बाळाला घरी पाठवायच्या दिवशी मी कागदावर सही करायला पेन उघडलं की येसक्का शेजारी हजर. "काल बघितलं का गे?"

आदल्या दिवशी तपासलेलंच असायचं. "बघितलं हो अक्का, काल बघितलं."

त्या मान हलवायच्या, मी सही करायची. रोज हेच. मला वाटायचं, म्हातारीला एक खूळ आहे, बाळ आदल्या दिवशीच तपासलेलं हवं. असेल म्हैसूरची पद्धत!

आता रत्नाबद्दल सांगायला हवं. दवाखान्याच्या फाटकाशी गोणपाटावर मल्लिगेचा ढीग घालून एक बाई बसायची, ती रत्ना. गोल चेहऱ्याची, हसरी, कानडीशिवाय दुसरी भाषा नाही. येसक्का रोज सकाळी तिच्याकडून एक मोळ माळ घ्यायच्या. मोळ म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, फुलं तिथं अशीच मोजतात. ती माळ त्यांनी स्वतःच्या डोक्यात कधी घातली नाही. लग्न केलं नव्हतं, पण फुलं माळायला काय हरकत होती? ती सरळ जायची वजनकाट्यावर. आणि गंमत म्हणजे डॉक्टरांना अरे-तुरे करणाऱ्या येसक्का त्या फुलवालीशी मात्र बहुमानानं बोलायच्या. कानडीतसुद्धा मान देऊन बोलायची रीत वेगळी आहे, एवढं मलाही कळत होतं. बाळं आणि रत्ना, एवढ्यांनाच मान. बाकी दुनिया अगं.

रत्नाचं लग्न फार उशिरा झालं होतं. तेहतीस वर्षांची, पहिलटकरीण, आमच्याकडेच बाळंत झाली. मुलगी झाली, आणि झाली ती पायाळू. पायाळू मुलीचे खुबे सगळ्यात आधी बघायचे असतात. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं आणि त्याचे मार्कही घेतले होते.

त्या दिवशी येसक्का दाराशी आल्या, पण टकटक केली नाही. तीनदा आल्या नि तीनदा परत गेल्या.

"तू बघ गे," मला म्हणाल्या. "नीट बघ."

"आणि तुम्ही नाही का बघणार मागाहून?"

"मला भ्या वाटतं."

मी हसले. रोजचंच की!

तपासायला घेतलं, सगळं झालं, पायांपाशी आले आणि बाळानं भोकाड पसरलं. पाय काठीसारखे ताठ. रडणाऱ्या बाळाचे खुबे तपासताच येत नाहीत. म्हटलं, दूध पिऊन झोपू दे, मग बघू. तेवढ्यात बाळंतिणींच्या खोलीतून हाक आली. तिथं दोन तास गेले. परत आल्यावर कागद समोर होता, त्यावर सगळ्यांत खाली 'ठीक' असं लिहिलं. बाळ उद्या आहेच की इथं, असं मनाशी म्हटलं होतं, ते पक्कं आठवतं. पण 'ठीक' एकदा लिहिलं की मनसुद्धा त्यावर विश्वास ठेवतं. मी साफ विसरले.

घरी पाठवायच्या दिवशी येसक्का आल्या. "काल बघितलं का गे?"

"बघितलं."

जाऊन परत आल्या. "काल बघितलं, अल्वा?" अल्वा म्हणजे 'हो ना'.

"बघितलं, अक्का."

तिसऱ्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या वरच्या ओठावर घाम होता. "खरंच काल बघितलं?"

मी ताडकन पेन आपटलं. "काल बघितलं म्हणून किती वेळा सांगू? लिहून देऊ का?"

आणि ते खोटंही नव्हतं. काल मी बाळ बघितलं होतंच. रत्ना टांग्यात बसून आईकडे, गावातल्या अग्रहार भागात गेली.

त्याला आठ-नऊ दिवस झाले असतील. दुपारी आम्ही दोघी डबा खायला बसलो होतो. मी त्यांच्या डब्यातलं चित्रान्न, म्हणजे तिथला लिंबाचा भात, संपवत होते, आणि येसक्का स्टुलावर बसून कण्हत होत्या.

"आज काल दुखतंय बघ गे."

"आजकाल काय दुखतंय?"

"काल."

"बरं, काल दुखत होतं. आणि आज?"

"आज बी कालच."

"अहो अक्का, काल तो काल, आज तो आज! दुखतंय काय?"

येसक्कांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू वेड मलाच लागलंय. मग उजव्या गुडघ्यावर फाडकन थाप मारली. "हे! हे काल! तुमच्या कराडात माणसांना काल नसतं काय?"

"काल म्हणजे पाय?"

"मग! कानडीत कालु. आम्ही काल म्हणतो."

मी हसून हसून लोटपोट झाले. डोळ्यांत पाणी आलं, ठसका लागला. म्हटलं, संध्याकाळी नवऱ्याला सांगते, आज काल आजकाल दुखतोय. आणि हसता हसताच मी थांबले.

काल बघितलं का गे?

"अक्का," मी म्हटलं, "तुम्ही मला रोज पायांबद्दल विचारत होतात?"

"मग काय पंचांग विचारत होते?"

आपल्या भाषेचं असंच असतं. परकी भाषा असली तर माणूस कान टवकारून ऐकतो. आपली म्हटली की ऐकायचं सोडून देतो. इतके महिने ती बाई मला विचारत होती, पाय बघितले का, आणि मी छाती पुढं काढून सांगत होते, आदल्या दिवशी बघितलं.

येसक्कांच्या लक्षात यायला क्षणभर लागला. मग त्यांनी डबा खाली ठेवला. "बाकीच्यांचे बघितलेत मी," त्या हळूच म्हणाल्या. "तू गेल्यावर मी सगळ्यांचे बघते. फक्त रत्नाचं मगु..." मगु म्हणजे बाळ. "त्याला हात लावायचं धैर्य झालं नाही मला. ते तू बघितलंस. अल्वा?"

खरं सांगते, 'हो' अगदी जिभेवर होतं. 'हो' म्हटलं असतं तर तिथंच सगळं मिटलं असतं. बाळ घरी होतं, कागदावर माझी सही होती, आणि हजार बाळांत एखाद्याचाच खुबा निसटलेला असतो. माझी पाचावर धारण बसली होती. समोर येसक्कांचे डोळे होते. त्या डोळ्यांत माझ्यापेक्षा जास्त भीती होती, म्हणूनच माझ्यानं खोटं बोलवलं नाही.

"नाही बघितले, अक्का."

त्या रागावल्या नाहीत. उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "चला डॉक्टरीणबाई. चपला घाला."

डॉक्टरीणबाई. चला. घाला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी मला अहो-जाहो केलं होतं. त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

"पत्ता..." मी रजिस्टरकडे धावले. त्यात नुसतं 'अग्रहार' लिहिलेलं.

"गोत्तु," येसक्का म्हणाल्या. "पत्ता मला ठाऊक आहे. बेगा चला. आज बाराव्याला पाळण्यात घालणार आणि तीनच्या बसनं रत्ना सासूकडं जाणार. हुणसूरच्या पुढं. तीन महिने येणार नाही."

तीन महिने! तोवर हाड चुकीच्या जागी मुरणार. भिंतीवरच्या घड्याळात दोनला पाच कमी होते.

फाटकाशी ऑटो उभी होती. येसक्का तिच्यापुढं थांबल्या, देवाचं नाव घेतलं आणि बसल्या. डोळे गच्च मिटून घेतले. वाटेभर त्यांनी माझं मनगट असं धरलं होतं की नखांचे वण दोन दिवस राहिले. ऑटोवाला कानडीत काहीतरी हसण्यासारखं बोलला. दोघींपैकी कुणीच हसलं नाही. मी मनात सारखं तेच घोकत होते, नसेल, काही नसेल, उगाच घाबरतोय आपण.

अग्रहारात एका गल्लीच्या तोंडाशी त्यांनी ऑटो थांबवली. उतरल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या. "स्वल्प थांबा," म्हणाल्या. पदरानं तोंड पुसलं. मला वाटलं, पाय दुखतोय. मग त्या निघाल्या त्या कुणाला न विचारता चौथ्या दाराशी गेल्या आणि टकटक केली.

रत्नानं दार उघडलं. "अय्यो, अक्का! ओळगे बन्नि, ओळगे बन्नि!" आत या म्हणत ती वळली आणि आमच्या पुढं पाळण्याकडे चालायला लागली.

मी रत्नाला आजवर बसलेलीच बघितली होती. फाटकाशी गोणपाटावर, नाही तर दवाखान्यात कॉटवर. चालताना पहिल्यांदाच बघत होते. प्रत्येक पावलाला तिची डावी बाजू खाली बुडायची आणि सगळं अंग त्या बाजूला झुकायचं. डॉक्टरला दुसरं काही सांगावं लागत नाही. आईला आहे. पहिली मुलगी. पायाळू. आणि माझ्या सहीचा कागद दवाखान्याच्या कपाटात!

दाराशी ट्रंक बांधून तयार होती. पाळण्याला फुलं लावलेली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात रत्नाची म्हातारी आई उभी होती. ती आम्हाला ना या म्हणाली, ना बसा म्हणाली. येसक्कांकडे बघत नुसती उभी राहिली.

मी बाळाच्या पायांना हात लावला. भीतीनं माझे हात बर्फ झाले होते. बाळानं किंचाळून पाय ताठ केले. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच.

"हात काढा," येसक्का म्हणाल्या.

त्यांनी आपले दोन्ही हात काखेत धरले आणि थांबल्या. किती वेळ! मला ओरडावंसं वाटत होतं, अक्का, बस सुटेल. मग त्या पाळण्याशी वाकल्या. म्हणाल्या, "मालकीण, येऊ का?"

बाळ गप्प. मग त्या एवढ्याशा पोरीनं तोंड भरून जांभई दिली.

येसक्कांनी उजवी मांडी उघडली. काही नाही. डावी उघडायला लागल्या आणि मध्येच त्यांचं बोट थांबलं. तो आवाज कानाला येत नाही म्हणून मी मघाशी सांगितलं, पण मी शपथेवर सांगते, मला तो त्यांच्या चेहऱ्यावर ऐकू आला.

"आहे," त्या म्हणाल्या. माझा हात ओढून त्यांनी बाळाच्या मांडीवर ठेवला. माझ्या बोटाखालीही ते 'टक्' झालं. तसं मला पुढच्या आयुष्यात पुष्कळदा जाणवलं, पण ते बोट अजून त्या पहिल्याचीच आठवण काढतं.

मग येसक्का पाळण्यात आणखी वाकल्या आणि मराठीत म्हणाल्या, "माफ करा, मालकीण. यायला फार उशीर झाला मला. तेहतीस वर्षं."

"बारा दिवस, अक्का," मी म्हटलं.

माझं कप्पाळ! म्हणून झालं आणि माझी नजर रत्नाच्या पायाकडे गेली. मग तिच्या आईकडे, आणि मग येसक्कांच्या वाकलेल्या पाठीकडे. त्या घरात त्यांची मराठी समजणारी मी एकटीच होते, आणि मला ते आता समजलं होतं.

"एनु अक्का? एनायतु?" काय झालं म्हणून रत्ना घाबरून विचारत होती. येसक्कांनी तिला कानडीत बाळापुरतंच सांगितलं. हाड सरकलंय, वेळेत सापडलंय, पट्टा बांधला की बरं होईल, आज बस नको. रत्नानं ट्रंक सोडली.

परत येताना येसक्का ऑटोत बसायला तयार होईनात. आम्ही चालत निघालो.

"पहिलं वर्ष होतं माझं," अर्ध्या वाटेत त्या म्हणाल्या. "तेव्हाचे डॉक्टर भारी तापट. सगळे चळचळा कापायचे. त्यांनी विचारलं, कालु नोडिद्या? पाय बघितलेस का? मी बघितले नव्हते. पण त्यांचं भ्या, म्हणून मी हो म्हटलं. वर्षानं तिची आई पोरीला घेऊन आली. पोरगी चालायला लागली होती."

पुढं थोडं चालून त्या म्हणाल्या, "तेव्हाच ठरवलं, चुकीच्या माणसाला भ्यायले मी. भ्यायचं तर मगुला भ्यायचं. डॉक्टर काय करणार? ओरडणार, अष्टे, तेवढंच. ज्याचं भ्या, त्याला अहो."

"रत्नाला ठाऊक आहे?"

"रोज ठरवते, आज सांगायचं. ती मोळ मोजते, दोरा तोडते, फुलं हातात देते. आणि मला भ्या वाटतं गे."

'गे' ऐकलं आणि भर रस्त्यात मला रडू फुटलं. येसक्कांनी पदरानं माझं नाक पुसलं, लहान पोरीचं पुसावं तसं.

रत्नाच्या मुलीला तीन महिने पट्टा होता. सव्वा वर्षाची झाली तेव्हा ती आमच्या वॉर्डात दारापासून वजनकाट्यापर्यंत सरळ चालत गेली. येसक्का दोन्ही हात पसरून तिच्या मागं वाकून चालत होत्या. "सावकाश, मालकीण. मला भ्या वाटतं." पडली नाही ती.

पुढं येसक्का निवृत्त झाल्या. तरी रोज दोन मैल चालत यायच्या, फुलं घ्यायच्या, काट्याला घालायच्या आणि परत जायच्या. एक दिवस आल्या नाहीत. झोपेतच गेल्या, कुणाला न घाबरवता.

त्यांचं राहून गेलेलं आपण तरी सांगावं म्हणून मी रत्नापुढं जाऊन उभी राहिले. तोवर माझी कानडी बरी झाली होती, पण त्या दिवशी शब्द सापडेनात. "रत्ना, येसक्का... तू लहान असताना तुझं काल..."

"गोत्तु, डॉक्टरे," रत्ना म्हणाली.

तिला ठाऊक होतं. दहा वर्षांची असतानाच आईनं सांगितलं होतं.

"आणि तरी बाळंत व्हायला त्यांच्याच दवाखान्यात आलीस?"

"त्यांना भय होतं म्हणून तर आले," रत्ना कानडीत म्हणाली. "ज्याला भय असतं, तो बघतो."

"मग एकदा तरी बोलायचंस ग त्यांच्याशी! जन्मभर झुरल्या त्या."

रत्नानं सुईदोरा खाली ठेवला. "बोलले असते तर दुसऱ्या दिवशी त्या लाजेनं आल्या नसत्या," ती म्हणाली. "रोज सकाळी मला अहो म्हणणारं दुसरं कोण होतं?"

मग तिनं कोपरापासून बोटांपर्यंत एक मोळ माळ मोजली, दोरा तोडला आणि फुलं माझ्यापुढं धरली. मी ती नेऊन काट्याला घातली. वॉर्डात त्या दिवशी तीन बाळं होती. मी दोन्ही हात काखेत धरून उभी राहिले, आणि ऊब आल्यावर पहिल्या दारावर टकटक केली. मला भीती वाटत होती.